समुद्र पाहायला म्हणून

भंडारा जिल्ह्यात पाणी पुष्कळ आहे. वैनगंगा आहे, गोसीखुर्दचं धरण आहे, आणि तलाव तर इतके की एखाद्या गावाला तलाव नसला तर पाहुणे नवल करतात. त्यामुळे पाणी पाहायला कुठे लांब जावं असं आमच्या लोकांना सहसा वाटत नाही. मी आणि माझे मोठे भाऊ नत्थूभाऊ यंदा जानेवारीत विशाखापट्टणमला निघालो, तेव्हा जो भेटला त्याने हेच विचारलं, की एवढ्या दूर काहून? मी प्रत्येकाला सांगितलं, समुद्र पाहायला.

ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं इथे सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वर्णन लबाडीचं होईल.

माझी मुलगी प्रणाली मत्स्यशास्त्र शिकली. वर्षभरापासून ती विशाखापट्टणमच्या पुढे, समुद्रकाठी, झिंग्यांची पिल्लं वाढवणाऱ्या एका केंद्रात नोकरी करते. झिंगे म्हणजे कोळंबी. तिच्यासाठी तुमसरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, घर आमच्याच, मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, येत्या रविवारी पाहण्याचा कार्यक्रम करून घ्यायचा का, आणि मी हो म्हणालो. आमची परतीची गाडी रविवारी सकाळी गोंदियाला पोचणार होती, म्हणून कार्यक्रम तिथेच, माझ्या मेहुण्याकडे ठरला. लग्नानंतर मुलीने नोकरी करायची नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं होतं. त्यालाही मी हो म्हणालो होतो.

प्रणालीला यातलं काहीच माहीत नव्हतं. फोनवर सांगितलं तर ती येणार नाही, असा माझा अंदाज. तेव्हा आपण समोर जावं, दोन दिवस तिच्याबरोबर हिंडावं, वेळ पाहून सांगावं आणि सोबतच घेऊन यावं, असा बेत मी केला. तिची आई म्हणाली, पोरीले आधी विचारा. मी म्हणालो, विचारतो. परतीचं तिचं तिकीटही काढून ठेवलं. नत्थूभाऊंना मी यातलं काही सांगितलं नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. मी शाळेत मास्तर आहे. ते गोसीखुर्दच्या पाण्यावर मासेमारी करतात. जुनं गाव धरणात बुडाल्यापासून नव्या वसाहतीतून रोज डोंग्यापर्यंत, म्हणजे आपल्या लाकडी होडीपर्यंत, चालत जातात. त्यांना खरोखरच समुद्र पाहायचा होता.

गुरुवार, शहराचा किनारा

गाडीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. सकाळी पोचलो, किनाऱ्याजवळच्या एका लॉजवर सामान टाकलं, आणि प्रणाली कामावरून संध्याकाळी येणार म्हणून आम्ही दोघेच बाहेर पडलो. मोठं सामान खोलीवर ठेवलं, पण एक कापडी पिशवी मी हातात घेतली. भाऊंना तंबाखूची डबी शोधताना सगळ्या पिशव्या उलट्या करायची सवय आहे, आणि त्या पिशवीत प्रणालीच्या आईची कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी होती. मोहाडीकडच्या विणकराकडून घेतलेली, मधाच्या रंगाची. रविवारी गोंदियाला उतरून प्रणालीने ती नेसायची होती.

इथला शहरातला किनारा आर. के. बीच म्हणून ओळखला जातो. रस्ता, रस्त्याला लागून फरसबंद वाट, आणि वाटेखाली वाळू. शहर किनाऱ्यावर येऊन संपतं असं वाटत नाही, ते समुद्राला पाठ टेकून बसल्यासारखं दिसतं. माणसं सकाळी चालायला येतात, कोवळ्या उन्हात बाकांवर बसून वर्तमानपत्र वाचतात, आणि समुद्राकडे फारसं पाहत नाहीत. आम्ही वैनगंगेच्या पुलावरून जाताना पाहत नाही, तसंच ते.

भाऊ सरळ पाण्याकडे गेले. खाली बसले, ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावलं. नवीन पाण्यात पाय टाकण्याआधी ते नेहमीच असं करतात. मग नदीवरच्या सवयीनेच एक घोट तोंडात घेतला आणि लगेच थुंकला.

“खारं असतं भाऊ,” मी म्हणालो.

“माहीत हाय ना बाप्पा. पन माहीत असनं येगळं.” त्यांनी तोंड पुसलं. “यात मच्छी जगते कशी?”

बराच वेळ ते लाटांकडे पाहत उभे राहिले. त्यांना वाटलं होतं की समुद्र म्हणजे पुष्कळ मोठं धरण असेल. “हे पाणी बसून काहून नाही राहिलं?” त्यांनी विचारलं. मी शाळेत सांगतो तसं वारा आणि चंद्र यांच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “राहू दे गुरुजी, सुटीवर आला तू.”

मग आम्ही ती चूक केली. चपला काढल्या, त्यांच्यावर पिशवी ठेवली, आणि पाण्याच्या कडेपासून चार हातांवर ते सगळं सोडून किनाऱ्याकिनाऱ्याने चालू लागलो. चोरीची भीती मला होती. भाऊ म्हणाले, “डोळ्यासमोरच हाय, कोन नेते?” आमच्याकडे तलावावर माणूस सकाळी पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, कपडे ठेवतो आणि दुपारी तिथूनच उचलतो. तलावाचं पाणी पावसात चढतं आणि उन्हाळ्यात आटतं. दुपारच्या दुपारी ते कुठे जात नाही. भरती आणि ओहोटी हे धडे मी कितीतरी वर्षं मुलांकडून पाठ करून घेतले आहेत. पण ते पाण्याबद्दलचे होते. आपल्या चपलांचा त्यांच्याशी संबंध आहे हे मनात आलंच नाही.

पुढे रस्त्याच्या कडेला एक जुनी पाणबुडी पाण्यातून काढून लोकांना पाहायला ठेवली आहे. आत जाऊन माणसाला वाकून फिरावं लागतं. भाऊ बाहेर आल्यावर म्हणाले, “आपला डोंगा जुना झाला का आपनही असाच काठावर टाकून देतो. पन तिकीट नाही लावत.” मग एका गाड्यावर मुरमुऱ्यांचं मिक्चर खाल्लं. आमच्याकडे मुर्रा म्हणजे चिवडा नाहीतर लाडू. इथे त्यात टोमॅटो बारीक चिरून, मसाला घालून, लिंबू पिळून कागदाच्या शंकूत देतात, आणि मुरमुरे नरम पडायच्या आत खायचं असतं. भाऊंनी दोन शंकू खाल्ले. समुद्राकडे तोंड करून आम्ही तिथे किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही.

परत आलो तेव्हा ती जागाच नव्हती. म्हणजे वाळू होती, पण तिच्यावर पाणी होतं. भाऊंची एक चप्पल लाटेसोबत आत बाहेर करत होती. दुसरी गेली. माझ्या दोन्ही सापडल्या. पिशवी वाळूत अर्धी पुरली होती, आणि ओढून काढली तेव्हा भिजलेल्या धोतराएवढी जड झाली होती. जवळ बसलेल्या दोन बाया आमच्याकडे पाहून पदरात हसत होत्या.

“काय होतं बे तिच्यात?” भाऊंनी विचारलं.

“टॉवेल,” मी म्हणालो.

खोलीवर येऊन मी साडी गोड्या पाण्यातून काढली आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकली. वाळली तेव्हा काठाजवळ मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या, पाणी जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत. मी ती काढायच्या आतच प्रणाली आली.

ती वर्षभरात काळी झाली आहे आणि चालणं भरभर झालं आहे. मोठेबाबांच्या पाया पडली, माझ्या पडली, आणि मग तिचं लक्ष कठड्याकडे गेलं.

“आईची कोशाची साडी इथं कशी?”

“तुझ्यासाठी पाठवली तिनं.”

“मले?” ती हसायला लागली. “मी दिवसभर गमबूट घालून असते बाबा. साडी कवा नेसू?”

“असू दे. कामी येईल.”

भाऊ माझ्याकडे पाहत होते. “तू तं टॉवेल म्हनून राहिला होता,” ते म्हणाले. मी त्यांना बाजारात चप्पल घ्यायला घेऊन गेलो.

शुक्रवार, टेकडीवरची बाग

प्रणालीने एका दिवसाची सुटी काढली होती. सकाळी तिने आम्हाला कैलासगिरीला नेलं. समुद्राला लागून उभी टेकडी आहे, आणि वर सगळी बाग केलेली आहे. वर जायला तारेवरचे पाळणे आहेत. पाळण्यात बसल्यावर खाली झाडं, मग रस्ता, मग पांढरी रेघ, मग निळं पाणी, असं एकेक थर उलगडत जातो. भाऊंनी दोन्ही हातांनी दांडा धरला होता.

“आपल्या आंबागडच्या किल्ल्यावर चढाचं तं पायाचे तुकडे पडतात,” ते म्हणाले, “आन हिथं झोपाळ्यात बसून देव.”

देव म्हणजे शंकर-पार्वतीच्या पांढऱ्याशुभ्र, फार मोठ्या मूर्ती. लोक त्यांच्यासमोर नमस्कार करतात आणि फोटोही काढतात, दोन्ही एकाच हाताने. बागेत छोटी आगगाडी टेकडीभोवती फिरते. तिच्यातून किनारा दोन्ही बाजूंना दूरवर दिसतो, एका अंगाला शहर आणि बंदराच्या टोकाला पाण्यात घुसलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला झाडी आणि रिकामी वाळू. जानेवारी असूनही ऊन आमच्या फाल्गुनाइतकं होतं, पण वारा सारखा वाहत होता. आमच्याकडे या दिवसांत सकाळी शेकोटी लागते. इथे माणसं थंडी म्हणून कानाला रुमाल बांधून होती, आणि भाऊंना त्याचं फार हसू आलं.

गाडीत प्रणाली तिच्या कामाबद्दल बोलत होती. केंद्रात नवीन शेड बांधली आहे, आणि पुढच्या महिन्यापासून ती शेड तिच्याकडे देणार आहेत. तिने हे आम्हाला सांगायला जपून ठेवलं होतं असं दिसलं.

“म्हंजे तू मालकीन?” भाऊंनी विचारलं.

“मालकीन नाही मोठेबाबा. पन पिल्लं मेली तं शिव्या मले.”

“मंग मालकीनच.”

मी म्हणालो, छान झालं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही, तेवढ्यात गाडी वळणावर आली आणि समोर सगळा समुद्र आला, आणि प्रणालीने मला हात धरून दाखवला. लहानपणी ती मला असंच काहीतरी दाखवायची, तलावावर उतरलेले पक्षी वगैरे. मी पाहिलं.

मूर्तीमागे सावलीत बसलो असताना तुमसरहून फोन आला. मी उठून दूर गेलो. मुलाचे वडील म्हणाले, “निघून राहिले ना उद्या? पोरगी येऊन राहिली ना?” मी म्हणालो, “हो, येतो आहोत.” देवाच्या पाठीमागे उभा राहून मी हे बोललो. फोन ठेवल्यावर बागेतला माळी फुलझाडांना पाणी देत होता, ते पाहत थोडा वेळ तिथेच थांबलो.

जेवायला तिने आम्हाला गावातल्या एका साध्या खानावळीत नेलं. केळीचं पान, भाताचा ढीग, त्यावर एकामागून एक वाढप. भात हा विषय असल्यामुळे आम्ही दोघेही जाणकारासारखे बसलो होतो. आमच्या जिल्ह्यातही माणूस भाताशिवाय जेवला असं म्हणत नाही. पण हे लोक सुरुवातीलाच कोरडी पूड आणि तूप घालून भात खातात, मग आमटी घालून, मग ताक घालून, आणि चपाती मागितली तर आजारी आहे का असं पाहतात. हिरव्या, आंबट चटणीचा घास घेऊन भाऊ थांबले.

“ही तं अंबाडी हाय.”

“गोंगुरा म्हणतात इकडे,” प्रणाली म्हणाली.

“काहीही म्हनोत. अंबाडी हाय.” त्यानंतर शहराबद्दल त्यांचं मत कायमचं चांगलं झालं.

दुपारी प्राणिसंग्रहालय पाहिलं. टेकड्यांच्या कुशीत, मोठ्या झाडीत आहे, आणि पिंजऱ्यांपेक्षा झाडीच जास्त आठवते. भाऊंनी वाघापुढे फार वेळ घालवला नाही. त्यांच्या वसाहतीजवळ एकदा मोकळा येऊन गेला आहे. सुसरींपाशी मात्र ते थांबले. पाण्यात पडून राहायचं आणि कोणी आपल्याला विचारू नये, हे त्यांना पटण्यासारखं होतं.

संध्याकाळी प्रणाली तिच्या खोलीवर परत गेली. मी पुन्हा काही बोललो नव्हतो. भाऊ गॅलरीत बसून म्हणाले, “तुले काही होऊन राहिलं का? दोन दिवस झाले, तू घास तोंडात धरून बसतो.” मी म्हणालो, पोट बरं नाही. त्यांनी मला ओवा दिला. तो मी खाल्ला.

शनिवार, भीमुनिपट्टणम

आमची गाडी संध्याकाळची होती. सकाळी बसने भीमुनिपट्टणमला, प्रणालीच्या नोकरीच्या गावाकडे निघालो. हा रस्ता समुद्राला धरूनच जातो, आणि मला वाटतं या सगळ्या प्रवासात नुसतं पाहण्याजोगं यासारखं दुसरं काही नव्हतं. एका बाजूला ताडाची झाडं आणि टेकड्या, दुसऱ्या बाजूला पाणी. मध्ये उतरून लाल मातीचे ढिगारे पाहिले. सकाळचं खाद्य टाकून प्रणाली तिथे येऊन थांबली होती. वाऱ्याने आणि पाण्याने कोरलेल्या, विटकरी रंगाच्या घळी आहेत, आणि त्यांच्या टोकाला निळा समुद्र दिसतो. घळीत उतरलं की समुद्राचा आवाज एकदम बंद होतो. तिथे आम्ही तिघेच होतो. सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी खाली बसून बोटाने माती चाळत राहिलो, ती गव्हाच्या पिठासारखी मऊ होती, आणि मग बसची वेळ झाली.

आधी तिची खोली पाहिली, मग केंद्रात गेलो. केंद्र म्हणजे पत्र्याच्या लांब शेड, आणि समुद्रातून आत आलेले पाइप. दारात औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात. पिल्लांच्या शेडमध्ये बाहेरच्यांना जाऊ देत नाहीत, म्हणून आम्ही खिडकीपाशी उभे राहिलो आणि प्रणाली आतून काचेच्या भांड्यात पाणी घेऊन आली. तिने ते उजेडात धरलं.

“यात हायेत,” ती म्हणाली.

“कुठं?” भाऊंनी डोळे बारीक केले.

“हलवू नका मोठेबाबा. आता पहा.”

आधी काहीच दिसेना. मग पाण्याचे बारीक कण आपणहून उड्या मारताहेत असं वाटलं, आणि नंतर प्रत्येक कणाला दोन काळे डोळे असल्याचं दिसलं. आमच्याकडे झिंगे म्हणजे बाजारात ढिगाने मिळणारी, वाळवून ठेवायची वस्तू. भाऊ म्हणाले, “एवढ्याशाले डोळे पहिले येतात?” प्रणाली म्हणाली, हो, पहिले डोळेच दिसतात. तिने घड्याळ पाहिलं, भांडं आत नेलं, आणि पुढचं खाद्य टाकूनच आमच्याबरोबर निघाली. रात्रीसुद्धा उठून टाकावं लागतं, असं तिने सहज सांगितलं.

मग आम्ही तिथल्या किनाऱ्यावर गेलो. हा किनारा शहरासारखा नाही. बाक नाहीत, गाडे नाहीत, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. एका ठिकाणी पुष्कळ माणसं दोन रांगांत उभी राहून समुद्रातून दोर ओढत होती. होडीने जाळं आत नेऊन मोठ्या कमानीसारखं सोडायचं आणि दोन्ही टोकं वाळूवरून ओढून आणायची. भाऊ थोडा वेळ पाहत राहिले. मग नवीन चपला हातात घेतल्या, त्या बऱ्याच लांब वर नेऊन ठेवल्या, आणि जाऊन एका रांगेच्या शेवटी दोराला लागले. कोणाला विचारलं नाही. पुढच्या म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं, काहीतरी म्हणाला, आणि सगळी रांग हसली.

“काय म्हनते तो?” भाऊंनी ओरडून विचारलं.

“म्हणतो, पोट आत घेऊन ओढ,” प्रणालीने सांगितलं.

“त्याले सांगजो, त्याचं पहिले घे म्हना.”

तिने ते तेलुगूत सांगितलं. मी तिला तेलुगू बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो. माणसं तिला नावाने ओळखत होती.

जाळं वर आलं. चांदीच्या पट्ट्यांसारखी बारीक मासळी, काही खेकडे. ती वाळूवर ओतून त्यांनी तिचे ढीग केले, आणि ढीग पाहून भाऊ पुढे सरकले. आमच्याकडे तलावावर ओढजाळं काढलं की असंच होतं. ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा. एकाला पाठमोरा उभा करतात, दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कोनाचा, आणि पाठमोरा न पाहता नावं घेत जातो. इथेही एकाला पाठमोरा केला. शेवटून दुसऱ्या ढिगाला त्याने काहीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी भाऊंकडे बोट दाखवलं. भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा पसरून वाटा घेतला. त्यांचे डोळे भरून आले असं मी लिहिलं तर त्यांना आवडणार नाही.

एक ढीग तसाच राहिला. त्याच्यावर टोपली पालथी घातली.

“तो कोनाचा?” भाऊंनी विचारलं.

प्रणालीने चौकशी केली. “एक जन बर्फ आनाले गेला आहे. त्याचा.”

“त्याचं कोनी नाही हिथं?”

“बाप आहे ना. तो काय, बिडी ओढून राहिला.”

“बरोबर हाय,” भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. “आपल्याकडेही तसंच. हाजर नसला त्याचा वाटा पळसाच्या पानाखाली ठेवतेत. बाप असला तरी उचलत नाही. बारीक हाय का मोठी, पसंद हाय का नाही, ज्याचं त्यानं येऊन पाहावं.”

ते मासळीबद्दलच बोलत होते. त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. मी टोपलीकडे पाहत होतो. एक कावळा जवळ आला, आणि त्या बापाने बसल्या जागेवरून खडा मारून त्याला उडवला, पण टोपलीला हात लावला नाही.

“प्रणाली,” मी म्हणालो, “उद्या गोंदियाला तुला पाहायला येणार आहेत. तुमसरचे लोक आहेत. मी हो म्हणून आलो.”

भाऊंनी दुपट्ट्याची गाठ मारता मारता हात थांबवला.

“साडी त्याच्यासाठी,” ती म्हणाली.

“हो.”

“आन माझं तिकीट?”

“काढलं आहे.”

“नोकरीचं काय ठरवलं तुम्ही?”

तेही सांगितलं. ती समुद्राकडे पाहत होती. “दर तीन तासांनी खाद्य टाकावं लागते बाबा. उद्या कोन टाकीन, हे पन ठरवून आले का?” आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

“काय बे,” भाऊ म्हणाले, “पोरीचं पाहनं हाय, आन मोठ्या बापालेही नाही सांगितलं? मी दोन दिवस समुद्र पाहून राहिलो, आन तू हे करून राहिला?” मग गाठ आवळत, “मी तुले ओवा देल्ला.”

मी चुकलो असं म्हणालो. ते म्हणण्यात काही विशेष नव्हतं. ते सगळ्यांना दिसतच होतं.

प्रणालीने मुलाचा नंबर मागितला. माझ्या मोबाईलवर त्याची माहिती आलेली होती, ती मी तिला पाठवली. ती फोन कानाला लावून ओल्या वाळूवरून चालत दूर गेली. आम्ही दोघे भाऊ एका होडीच्या सावलीत बसलो. लाटांमुळे काही ऐकू येत नव्हतं. ती चालायची, थांबायची, पायाने वाळूत रेघ ओढायची. एकदा तिने मान मागे टाकली. रडते आहे की हसते आहे, दोघांनाही कळलं नाही.

“तूच जा पाहाले,” भाऊ म्हणाले. मी उठलो नाही.

ती परत आली तेव्हा हसतच होती, पण माझ्याकडे पाहून नाही. भाऊंना म्हणाली, “मोठेबाबा, त्यालेही माहीत नव्हतं. त्याले सांगितलं होतं की गोंदियाले ओळखीच्याकडे वास्तुपूजन हाय.”

भाऊ इतके हसले की म्हातारा दोरवाला येऊन पाहून गेला.

“मंग आता?” मी विचारलं.

“आता काही नाही. उद्याचं रद्द. तो त्याच्या घरी बोलतो, मी माझ्या कामावर जाते. पुढं वाटलं तं आम्ही बोलू, नाही तं नाही बोलू.” ती चपला झटकत होती. “तुमसरले फोन तुम्ही करा.”

केला. मुलाचे वडील म्हणाले, “गुरुजी, पोट्टा आत्ताच बोलला माझ्यासंग. लय बोलला. तुम्ही पोरीले सांगितलं नव्हतं का?”

“नाही. तुम्ही मुलाला?”

पलीकडे ते खाकरले. “राहू द्या मंग उद्याचं,” ते म्हणाले. आम्ही दोघांनीही एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

प्रणाली स्टेशनवर आली नाही. तिची खाद्याची वेळ झाली होती. तिने आम्हाला बसमध्ये बसवून दिलं, मोठेबाबांच्या पाया पडली, माझ्याही पडली. मासळी गाडीत नेता येणार नाही हे भाऊंना पटवायला तिला बराच वेळ लागला. शेवटी तो दुपट्टा तसाच तिच्या हातात देऊन ते म्हणाले, “आज रांधून खाजो. आपल्या वाट्याची हाय.”

रविवार, गोंदिया

मेहुण्याकडे पोह्यांची तयारी करून ठेवली होती. कोणी येणार नाही हे त्यांना आदल्या दिवशीच कळवलं होतं, पण पोहे भिजवायचे ते भिजवलेच. आम्हीच बसून खाल्ले. भाऊंनी सगळ्यांना समुद्र सांगितला. त्यांच्या सांगण्यात लाटा घराएवढ्या होत्या आणि दोर त्यांनी जवळजवळ एकट्याने ओढला होता. माझ्या बेताबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या पोटात काही राहत नाही, असं मी वर लिहिलं आहे. ते मागे घेतो.

सुनंदा, म्हणजे प्रणालीची आई, तिथेच होती. रविवारसाठी ती एक दिवस आधी येऊन राहिली होती. मी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि तिने फक्त ऐकून घेतलं होतं. दुपारी आम्ही भंडाऱ्याच्या बसमध्ये बसलो. भाऊ पुढच्या सीटवर झोपी गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेतांच्या, धान कापून नेलेल्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या. मला वाटलं, आता ती मुलीबद्दल बोलेल, मी तिचं न ऐकल्याबद्दल बोलेल. मी त्याची उत्तरं तयार करून बसलो होतो.

“खोली कशी हाय तिची?” तिने विचारलं.

“चांगली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो.”

“तुम्ही पाहिला, भाऊजींनी पाहिला,” ती म्हणाली. “मले विचारलं होतं का, येतं का म्हनून?”

मी आठवून पाहिलं. आठवण्याची गरज नव्हती.

“नाही विचारलं.”

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. साकोलीला माणसं चढली, उतरली. बस पुन्हा निघाल्यावर मी विचारलं, “येतेस का?”

“विचार करून सांगतो,” ती म्हणाली.

अजून तिने सांगितलेलं नाही. मी तिकीट काढलेलं नाही.